सेंट मॅथ्यू बेटावरचे रेनडिअर फक्त उपासमारीने मेले नाहीत

बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू या निर्मनुष्य बेटाची गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे: रेनडिअर बेसुमार वाढले, सगळा चारा संपवला, उपाशी मेले आणि बेट उजाड झाले. ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

१९४४ साली अमेरिकी तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नव्हते, दगडफुलाच्या जातीचा चारा मुबलक होता. १९६३ च्या उन्हाळ्यात कळप ६,००० वर गेला. १९६६ मध्ये जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन पुन्हा तिथे गेले, तेव्हा उरले होते फक्त ४२. त्यांत नर एकच, तोही प्रजननक्षम नसावा असा.

चारा खरोखरच ओरबाडला गेला होता, जनावरांच्या अंगावर पुरेशी चरबी नव्हती. पण त्यांना संपवले ते १९६३-६४ च्या भीषण हिवाळ्याने. इतका बर्फ आणि इतकी थंडी त्या भागात क्वचितच पडते. भूक आणि हवामान यांतले एक कारण गाळले की गोष्ट सोपी होते, खरी राहत नाही. माणसांच्या लोकसंख्येवरच्या वादात ती पुरावा म्हणून वापरली जाते, म्हणून तर हे नीट सांगायला हवे.

आणि बेट उजाड? मुळीच नाही. रेनडिअर १९८० च्या दशकापर्यंत नामशेष झाले, दगडफूल फार सावकाश परततेय. पण कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती आहेत, आर्क्टिक कोल्हे आहेत, व्होल या उंदरासारख्या प्राण्याची फक्त इथे आणि शेजारच्या हॉल बेटावर आढळणारी जात आहे. मॅकेज बंटिंग हा शुभ्र पक्षी तर मुख्यतः इथे आणि शेजारच्या हॉल बेटावरच घरटी करतो.