लो-बँड तारेचा अँटेना : ट्युनिंग आणि मॅचिंग

हौशी रेडिओत (हॅम रेडिओ) १६०, ८० आणि ४० मीटर तरंगलांबीच्या बँडना (वारंवारतेच्या पट्ट्यांना) लो-बँड म्हणतात. या बँडवर बहुधा तारेचाच अँटेना वापरतात. तार हव्या त्या वारंवारतेवर अनुस्पंदनात, म्हणजे रेझोनन्सला, आणणे हे ट्युनिंग. तिचा संरोध (इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) कोॲक्स केबलच्या (मध्ये तार, भोवती जाळी अशा केबलच्या) आणि रेडिओ सेटच्या ५० ओहमशी जुळवणे हे मॅचिंग. ही दोन कामे वेगळी आहेत. नवख्या हॅमचे (हौशी रेडिओवाल्याचे) निम्मे हाल ती एकच समजल्यामुळे होतात.

खान्देशात या अँटेनाला खास महत्त्व आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारहून मुंबई-पुणे सरळ रेषेत साधारण तीनशे किलोमीटर. व्हीएचएफचा (अतिउच्च वारंवारतेचा) हातातला सेट तिथवर पोचत नाही आणि सातपुड्याच्या दऱ्यांत तर पुढच्या पाड्यापर्यंतही पोचेलच असे नाही. ४० व ८० मीटरवर मात्र जमिनीपासून फार उंच नसलेली आडवी तार लहरी जवळजवळ सरळ वर फेकते, आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्या खाली परतवते आणि डोंगर मध्ये येतच नाही. ४० मीटर दिवसा चालतो, ८० मीटर संध्याकाळनंतर. म्हणून आठ-दहा मीटर उंचीवर, दोन कडुनिंबांमध्ये बांधलेल्या तारेला कमी लेखू नये. हजारो किलोमीटर दूर बोलायचे तर ती फार खाली पडते, पण महाराष्ट्रभर बोलायला हीच उंची बरी.

अर्धतरंगी डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या, अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची) एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागतात. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २०.१ मीटर, ३.६ ला ३९.६ मीटर, १६० मीटरच्या बँडवर १.८१ ला जवळपास ७९ मीटर. शहरातल्या गच्चीवर शेवटचा आकडा अशक्यच. मळ्यात जागा आहे, पण तेवढ्या अंतरावर नेमके दोन उंच आधार मिळत नाहीत. मग मधला बिंदू एका बांबूवर किंवा जीआय पाइपवर उचलून दोन्ही टोके खाली उतरवतात. हा इन्व्हर्टेड व्ही. दोन भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देत नाहीत. या आकारात संरोध आपोआप ५० ओहमच्या जवळ येतो, ही त्याची मोठी सोय.

सूत्राचा आकडा हा फक्त आरंभ. घरगुती वायरिंगची पीव्हीसी आवरणाची तार उघड्या तांब्यापेक्षा दोन-तीन टक्के आखूड लागते. जमीन, पत्र्याचे छप्पर, झाडाचा ओला पाला या सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून तार जरा लांबच कापतात, वर चढवतात आणि मग मोजतात. झाडावरून दोरी टाकायला गोफणीइतके चांगले साधन नाही. ज्वारीवरची पाखरे हाकणारा हात असेल तर दगडाला बांधलेली बारीक दोरी पहिल्या-दुसऱ्या फेकीत हव्या त्या फांदीवरून जाते. तिच्यामागून जाड दोरी ओढतात आणि टोकाला इन्सुलेटर बांधून तार वर घेतात.

मोजणी अँटेना ॲनालायझरने (रेझोनन्स आणि संरोध दाखवणाऱ्या उपकरणाने) किंवा हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या, तेच काम करणाऱ्या छोट्या नॅनोव्हीएनएने करतात. समजा २०.६ मीटरच्या तारेचा रेझोनन्स ६.९२ वर दिसला आणि हवा आहे ७.१ ला. लांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार जवळपास कायम राहतो. २०.६ गुणिले ६.९२ भागिले ७.१ म्हणजे २०.०८. एकूण ५२ सेंटिमीटर जास्त, दर बाजूला २६. लगेच कापायचे नाही. टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळायचे, पुन्हा चढवायचे, पुन्हा मोजायचे. तार तीन-चारदा खाली घ्यावी लागते आणि तो वेळ देण्यासारखा आहे.

रेझोनन्सला संरोधाचा प्रतिघाती भाग (रिॲक्टन्स) शून्य होतो, पण उरलेला रोध (रेझिस्टन्स) ५० ओहम असेलच असे नाही. मोकळ्या अवकाशात डायपोलचा रोध सत्तरच्या आसपास, तर ८० मीटरवर कमी उंचीच्या डायपोलचा त्याच्या निम्म्यापर्यंत उतरू शकतो. मॅचिंग किती जुळले ते एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) या आकड्यावरून कळते, नेमके जुळले तर तो १. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर चार टक्के शक्ती परतते, २ ला अकरा आणि ३ ला पंचवीस टक्के. १.५ चा आकडा १.१ वर आणण्यासाठी रात्री जागवणे व्यर्थ आहे. भारतात ८० मीटरचा मुख्य पट्टा ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झ आहे. एवढ्या रुंदीत एकच तार सगळीकडे २ च्या आत क्वचितच राहते, म्हणून नेहमी जिथे बोलतो तिथे ती बसवावी. ४० मीटरला (७.० ते ७.२) ही अडचण नाही.

मॅचिंगचा एक सोपा प्रकार केबल टीव्हीच्या ७५ ओहम तारेतून साधतो. पूर्ण तरंगाच्या लूपचा (एका तरंगलांबीच्या तारेच्या बंद कड्याचा) संरोध ११० ओहमच्या आसपास असतो. लूप आणि ५० ओहम कोॲक्स यांच्यामध्ये ७५ ओहम केबलचा पाव तरंगाचा तुकडा घातला की ७५ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे ११२ ओहमशी मेळ बसतो. तुकड्याची लांबी केबलच्या वेगगुणकाप्रमाणे (केबलमधला लहरीचा वेग प्रकाशवेगाच्या किती पट, त्याप्रमाणे) बदलते : ७.१ मेगाहर्ट्झला ०.६६ च्या केबलची सात मीटर, फोमच्या केबलची त्याहून जास्त.

डायपोलच्या मध्याशी १:१ बॅलन (तार आणि कोॲक्स यांच्यामध्ये बसणारा जोड) लावतात. नाहीतर कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह परत येतो आणि केबल स्वतःच अँटेना बनते. ओळखायची खूण सोपी. ॲनालायझरवर आकडा पाहत केबल हातात धरावी. आकडा हलला तर बॅलन नाही किंवा पुरेसा नाही.

सेटजवळच्या ट्यूनरने अँटेना ट्यून होत नाही. तो फक्त सेटला ५० ओहम दाखवतो. वर तार बिघडलेलीच राहते. लांब, हलक्या प्रतीच्या केबलमुळेही फसगत होते. ३० मीटर आरजी-५८ (एक बारीक कोॲक्स) सात मेगाहर्ट्झला सुमारे एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती, खाते. परतणारी लहरही त्यात विरते आणि खोलीतला मीटर एसडब्ल्यूआर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. डमी लोडचा (अँटेनाऐवजी जोडायच्या, शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या ५० ओहम रोधाचा) एसडब्ल्यूआर १ असतो, पण त्यावर कोणी ऐकू येत नाही.

जळगावच्या उन्हाळ्यात तार वाढून ट्युनिंग बिघडते असा समज आहे. हिशेब वेगळे सांगतो. हिवाळ्यातल्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या ४५ पर्यंत ४० मीटर तांबे जेमतेम अडीच सेंटिमीटर वाढते आणि ३.६ मेगाहर्ट्झवर फरक पडतो सुमारे दोन किलोहर्ट्झचा. खरा फरक तार सैल पडून झोळ आल्याने आणि जमिनीमुळे होतो. मे महिन्यात भेगाळलेली तापीकाठची काळी माती श्रावणात पाणी धरून असते, विद्युतवाहकता वाढते आणि कमी उंचीच्या तारेचा रोध बदलतो. त्यामुळे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोनदा मोजून आकडे वहीत ठेवतात.

प्रक्षेपणाच्या वेळी डायपोलच्या टोकांशी शेकडो व्होल्ट असतात. ती माणसाच्या किंवा बैलाच्या अंगाला लागणार नाहीत इतकी उंच हवीत. शेतावरून जाणाऱ्या वीजवाहिनीच्या वर, खाली किंवा तुटून पडल्यास तिला लागेल इतक्या अंतरात तार कधीही बांधत नाहीत. वळवाचे ढग सातपुड्यावर दिसले की कोॲक्स सेटपासून काढून घराबाहेर ठेवतात.