अंगठीतला पारा कुठे गेला?

नववीत असताना प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला. टेबलावर पळणारे पाऱ्याचे मणी बाईंनी घाईघाईने कागदावर गोळा केले आणि तास संपेपर्यंत त्यांची सोन्याची अंगठी चांदीसारखी पांढरी पडली. झवेरी बाजारातल्या सोनाराने ती तापवून पुन्हा पिवळी करून दिली. पारा कुठे गेला, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

पेरूमधल्या माद्रे दे दिओस भागात, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, हेच रोज चालतं. अंगठीऐवजी नदीकाठची वाळू, एवढाच फरक. वाळूतले सोन्याचे बारीक कण वेचणार कसे? पारा घालून मळलं की तो त्यांना धरून ठेवतो. मग तो गोळा तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळतो, सोनं १०६४ अंशांपर्यंत वितळतही नाही. पारा उडतो, सोनं उरतं. २०१५ साली माणसाने हवेत सोडलेल्या सुमारे २,२०० टन पाऱ्यापैकी ३८ टक्के अशा छोट्या खाणींतून आला.

(जाता जाता: 'घट्ट केलेल्या शुद्ध पाऱ्याचं' शिवलिंग विकणाऱ्यांना विचारा, शुद्ध पारा उणे ३९ अंशांना गोठतो, तुमचा मुंबईच्या ऑक्टोबरातही घट्ट कसा? त्यात कथील किंवा दुसरा धातू मिसळलेला असतो, दैवी काही नाही.)

झाडं हवा गाळतात, याचं आपण कोण कौतुक करतो! या खाणींजवळच्या जंगलात तेच नडतं. पानांच्या रंध्रांतून पाऱ्याची वाफ आत जाते, पानात तिचं ऑक्सिडीकरण होतं आणि पारा तिथेच अडकतो. धुळीबरोबर पानांवर बसलेला पावसाने धुऊन खाली येतो, आतला पानगळीबरोबर. म्हणजे जंगल जितकं दाट, तितका जमिनीत पारा जास्त.

खरी गंमत पुढे आहे. पाणथळ, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू पाऱ्याला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडतात. त्यासाठी लागणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. हा मिथाइल पारा गंधकाचा भुकेला. शरीरात तो सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटतो आणि ती जोडी दिसते हुबेहूब मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी. मेथिओनिन मेंदूला हवंच असतं. डिलिव्हरीवाल्याचा टी-शर्ट बघून सोसायटीचा वॉचमन जसा नाव न विचारता गेट उघडतो, तसं मेंदूच्या दारावरचं वाहक प्रथिन या जोडीला आत घेतं. शरीरातून बाहेर पडणं मात्र फार सावकाश, त्यामुळे खाणाऱ्याच्या अंगात तो साठत जातो. म्हणून कीटकांपेक्षा कोळ्यात जास्त, कोळ्यापेक्षा तो खाणाऱ्या पक्ष्यात जास्त. आपल्याकडे बोंबलापेक्षा मोरी (शार्क) माशात पारा जास्त, तोही याच हिशेबाने.

२०२२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, खाणींजवळच्या लोस अमिगोस या राखीव जंगलातल्या गाणाऱ्या पक्ष्यांत, दूरच्या जंगलातल्या त्याच जातींपेक्षा कितीतरी जास्त पारा सापडला. राखीव, म्हणजे जिथे कुणी कुदळ मारलेली नाही असं जंगल.

पाऱ्याने पक्ष्यांची वीण घटते, हे माहीत होतंच. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पारादूषित नदीकाठी तर रेन या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांची गाणीही ध्वनिमुद्रित करून तपासली गेली. स्वच्छ भागातल्या भाईबंदांपेक्षा ते खालच्या पट्टीत गात होते, आणि त्यांच्या गाण्यातले सुरांचे प्रकारही कमी झाले होते.