पाणी असून तूर का वाळते? जलवाहिनी आणि रसवाहिनी

फुलोऱ्यात आलेली तूर उभीच्या उभी वाळायला लागते. हाताने माती उकरली तर खाली ओल असते. अशा झाडाला आणखी पाणी देऊ नका, आधी त्याचं खोड उभं चिरून बघा. सालीखाली लाकडात काळपट-तपकिरी रेघा दिसल्या तर तो मर रोग. फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरून जलवाहिन्या बुजवते. पाणी असतं, पण वर चढायला वाट राहत नाही. म्हणूनच आमच्याकडे बदनापूरच्या संशोधन केंद्राचा, मर रोगाला दाद न देणारा बीडीएन ७११ वाण लोक आवर्जून पेरतात.

शाळेत ‘जलवाहिनी पाणी नेते, रसवाहिनी अन्न नेते’ असं एका दमात पाठ केलेलं असतं. त्यामुळे दोन्ही सारख्याच नळ्या वाटतात. पण जलवाहिनीच्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, लिग्निन नावाच्या कडक द्रव्याने टणक झालेल्या. पानांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने पाणी, त्यात विरघळलेले क्षार वर चढतात. रसवाहिनी मात्र जिवंत असते. पानात तयार झालेली साखर ती गरज असेल तिकडे पोचवते, खाली मुळांकडे आणि वर बोंडाकडेही.

फरक डोळ्यांनी बघायचा तर डाळिंबाची गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल काढतात, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळतात. साल गेली तरी वरची पानं हिरवीच राहतात, कारण पाणी आतल्या लाकडातून जातं. साल काढताना तुटली ती रसवाहिनी. खाली निघालेली साखर कापाच्या वरच्या काठाशी अडते, तिथे फुगवटा येतो आणि मुळंही तिथूनच फुटतात. हेच शेळ्यांनी बुंध्याची साल चौफेर सोलली तर घात होतो. झाड बरेच दिवस हिरवं दिसतं, पण खाली मुळं उपाशी मरत असतात.

कपाशीवरचा मावा सोंड खुपसतो तीही रसवाहिनीतच. पानावर बोटाला लागणारा चिकटा म्हणजे त्याला न पचलेली साखर.

आणि कापूस? सरकीवरचा धागा नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतो, म्हणजे साखरेचेच कण जोडून झालेली लांब साखळी. पानाने हवेतला कार्बन घेऊन साखर केली, रसवाहिनीने ती बोंडात आणली, तिथे तिचा धागा झाला. वेचणी संपल्यावर चुलीत घालतो त्या पऱ्हाटीतही सेल्युलोजच असतं. तिला कडकपणा येतो तो जलवाहिन्यांतल्या लिग्निनने.