पंचेचाळीस हजारांचा प्राणवायू

जून महिना उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश न चुकता येतो: एक झाड आयुष्यभरात इतक्या लाखांचा प्राणवायू फुकट देते, त्याचे बिल आले असते तर काय केले असते? वाचून सगळे हात जोडतात. हा हिशेब आता केवळ संदेशापुरता राहिलेला नाही, म्हणून त्याची तपासणी करणे भाग आहे.

पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठापुढे २०२१ मध्ये आलेल्या अहवालात समितीने झाडाची किंमत ठरवण्याचे सूत्र दिले: झाडाचे वय गुणिले ७४,५०० रुपये. यात वर्षाला ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आणि २०,००० रुपये जैविक खताचे होते. या हिशेबाने त्यांतल्या ३०० झाडांची किंमत २२० कोटी रुपये झाली, म्हणजे झाडामागे सुमारे ७३ लाख.

निसर्गाचे मोल पैशात मांडणेच चुकीचे आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्याची किंमत मांडली जात नाही, त्याची किंमत प्रकल्प अहवालात शून्य धरली जाते. माझा आक्षेप त्या ४५,००० रुपयांवर आहे.

पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याच्या रेणूचे विघटन करते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते आणि प्राणवायू बाहेर टाकते, हे आपण शाळेत शिकलो. त्याच धड्यातला दुसरा भाग मात्र आपण विसरतो: झाडही श्वसन करते, म्हणजे दिवसरात्र प्राणवायू घेऊन ती साखर वापरते. गळलेली पाने बुरशी आणि जिवाणू कुजवतात, तेव्हा त्यांनाही प्राणवायू लागतो. या जमाखर्चानंतर जो प्राणवायू हवेत शिल्लक राहतो, तो झाडाने खोडात, फांद्यांत आणि मुळांत साठवलेल्या कार्बनच्या प्रमाणातच असतो. एक किलो कार्बन साठला, तर सुमारे २.६७ किलो प्राणवायू शिल्लक. हे प्रमाण ३२ भागिले १२ इतके सरळ आहे, कारण प्राणवायूच्या रेणूचे वजन ३२ आणि कार्बनच्या अणूचे १२.

आता एक मोठे झाड घेऊ. त्याचे वाळलेले वजन दोन टन धरले, तर त्यात साधारण निम्मा, म्हणजे एक टन कार्बन असतो. तेव्हा त्या झाडाची प्राणवायूची निव्वळ शिल्लक उभ्या जन्मात २.६७ टन होते. माणसाला दिवसाला अंदाजे ५५० लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे वर्षाला २७० किलोच्या आसपास. शंभर वर्षे उभ्या असलेल्या वृक्षाची ही सारी शिल्लक एका माणसाला जेमतेम दहा वर्षे पुरेल, आणि लाकूड जळले वा कुजले की तीही परत जाईल. करोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारने सिलिंडरमधल्या वैद्यकीय प्राणवायूला घनमीटरला २५.७१ रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. त्या दराने ४५,००० रुपयांत १,७५० घनमीटर, म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक प्राणवायू मिळतो. आपल्या झाडाची जवळजवळ जन्मभराची शिल्लक एका वर्षाच्या बिलात संपली!

याहून मूलभूत अडचण वेगळीच आहे. हवेत प्राणवायू जवळपास २१ टक्के आहे आणि तो कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. पृथ्वीवरच्या साऱ्या वनस्पती जाळल्या, तरी त्या साठ्याचा हजारावा हिस्साच खर्च होईल. बाजारातली किंमत वस्तूच्या उपयोगावर नव्हे, तर आणखी एक माप कमी झाल्याने किती अडते यावर ठरते. एका झाडाचा प्राणवायू गेल्याने कोणाचेही काही अडत नाही. (पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, हा समज याच माळेतला. प्रकाशाशिवाय पाण्याचे विघटन होत नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात, पण प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात. पिंपळाला वंदनीय ठरायला या खोट्या दाखल्याची गरज नाही.)

मग अडते कशाने? आमच्या चौकातल्या रिक्षा थांब्यावर एक जुना वर्षावृक्ष होता. रस्तारुंदीत तो गेला आणि पुढच्या एप्रिलपासून दुपारी बारा ते चार थांबा रिकामा दिसू लागला. रिक्षा समोरच्या इमारतीच्या सावलीत सरकल्या आणि फळवाल्याने गाडीवर ताडपत्री बांधली. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. भर उन्हाळ्यात झाडाने दिवसाला १०० लिटर पाणी पानांवाटे बाहेर टाकले असे धरले, तर ते ६८ युनिट उष्णता शोषून घेते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने १३ तास चालवावा तेवढे काम. हा गारवा फार दूर पोहोचत नाही आणि साठवताही येत नाही. म्हणूनच तो दुर्मीळ आहे, आणि किंमत मांडायची तर त्याची मांडावी.

धोरणात याचा गोंधळ कसा होतो, ते पाहा. वनजमीन प्रकल्पाला देताना आकारल्या जाणाऱ्या निव्वळ वर्तमान मूल्याचे, म्हणजे जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांच्या आजच्या किमतीचे, दर २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते आणि २०२२ मध्ये ते ९.५७ ते १५.९५ लाख झाले. म्हणजे एका मोजपट्टीने सर्वोत्तम जंगलाचा अख्खा हेक्टर सोळा लाखांच्या आत, तर दुसरीने शंभर वर्षांचे एकटे झाड ७४.५ लाखांचे. दोन्ही एकाच देशात! प्रकल्पाच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलाला याहून सोपा प्रश्न कोणता मिळणार? बंगालमधली ती ३५६ झाडे तोडायला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये परवानगी दिली.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून ५० वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. सूत्र तेच, फक्त रुपयांच्या जागी रोपे आली. वयाला वजन दिले हे चांगलेच झाले. पण आमच्या चौकातल्या झाडाच्या बदल्यातली रोपे शहराबाहेरच्या टेकडीवर लागली, तर ती सगळी जगूनही त्या रिक्षा थांब्यावर सावली पडणार नाही.