काळ्या रानातली परसबाग आणि वाळूची ट्रॉली

सांगली-मिरजेकडे किंवा पलूस-वाळव्याच्या पट्ट्यात नवं घर बांधलं की मागच्या मोकळ्या जागेत चार वांगी-मिरच्या लावायची हौस येते. पहिल्याच पावसात चपलांना काळ्या चिखलाचे थर चढतात आणि कुणीतरी हमखास सांगतं, "वाळू टाका की, मोकळी होईल!" हा सल्ला मनावर घेऊ नये. 10 बाय 10 फुटांचा वाफा एक फूट खोल धरला तर माती होते 100 घनफूट, म्हणजे पुरती एक ब्रास. तिचा पोत बदलायचा तर मिश्रणात वाळू साधारण निम्मी तरी हवी, म्हणजे आणखी ब्रासभर. त्यापेक्षा मंडई परवडली. थोडीशीच वाळू टाकली, तर तिच्या कणांमधल्या फटी चिकणमातीच भरून टाकते आणि वाळल्यावर वाफा होता तितकाच टणक राहतो.

ही माती दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि त्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. वहीच्या पानांसारखे त्याचे पातळ थर एकावर एक असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच थरांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश माती धरून ठेवते. भारी रान कसदार असतं ते यामुळेच. अन्नाची फारशी अडचण नसते, अडचण हवेची असते. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो, त्यामुळे पाणी तुंबलेल्या वाफ्यात मुळं गुदमरतात.

म्हणून खत-बियाण्याच्या आधी वाफसा बघायचा, म्हणजे माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, कामाजोगी झाली आहे का ते. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली किंवा नुसतं चाललं तरी तिच्यातली हवेची भोकं दाबली जातात, आणि उन्हात त्याच मातीची विटेसारखी ढेकळं होतात. वितभर खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर कामाला लागा. चपटा होऊन पडला, किंवा हातावर वळून त्याची लांब वात होत असेल, तर घरात जाऊन चहा प्या. पावसाळ्यात ही संधी दोन-तीन दिवसच टिकते, कधी तेवढीही नाही. शेतकरी उघडिपीकडे डोळे लावून बसतात ते काही उगीच नाही.

वाफे सपाट नकोत, गादीवाफे करा. वीतभर उंच, आणि रुंदी इतकीच की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल. मग त्यावर पाय द्यायची वेळच येत नाही. वर दोन-तीन इंच चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पसरून वरच्या थरात मिसळा. खत खाणारे जिवाणू आणि बुरशी जो चिकट डिंक सोडतात, त्याने बारीक कण जोडले जाऊन रवाळ माती तयार होते, आणि रव्यांच्या मधून पाणीही उतरतं, हवाही खेळते. आपल्याकडच्या उष्णतेत सेंद्रिय पदार्थ लवकर संपतो, तेव्हा हे दरवर्षी करायचं. उसाचं पाचट (वाळलेला पाला) इकडे मुबलक आहे, पण ते आच्छादन म्हणून वरच ठेवा. ताजं पाचट मातीत गाडलं तर ते कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

पहिल्या वर्षी गाजराच्या वाटेला जाऊ नका, फाटे फुटतात. वांगी, भेंडी, गवार चालतील.

कृष्णाकाठी मात्र एक तपासणी आधी करावी, कारण वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी देऊन तिथली बरीच रानं क्षारपड (क्षार साठलेली) किंवा चोपण (सोडियम वाढलेली) झाली आहेत. मातीचा एक सुका खडा पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडा. तो नुसता तुकडे होऊन ढासळला तर हरकत नाही. पण भोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियमने कण सुटे केले आहेत. अशा वेळी माती परीक्षण करून अहवालातल्या प्रमाणात जिप्सम टाकतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचऱ्याची चर हवीच. ती खणून होईपर्यंत मिरच्या कुंडीत लावाव्यात.