वैद्यकीय शोधनिबंधाचे हस्तलिखित

रुग्णांवर किंवा रुग्णांच्या नोंदींवर केलेल्या संशोधनाचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवण्याजोगा करणे म्हणजे शोधनिबंधाचे हस्तलिखित तयार करणे. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘पेपर’ आणि नियतकालिक ‘जर्नल’. हाताने आता कोणी लिहीत नाही, पण हस्तलिखित हा शब्द टिकून आहे. गोव्यात हे काम मुख्यतः बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात चालते. पणजीत १८४२ साली निघालेल्या एस्कोला मेदिको-सिरुर्जिकाचा वारसा सांगणारी ही संस्था १९६३ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. एमडी-एमएसचा थीसिस विद्यापीठात जमा झाला की त्यातून पेपर काढायचा, हा इथला नेहमीचा क्रम.

लिहिताना जे अडते त्याचे मूळ बहुतेक वेळा दीड-दोन वर्षे मागे, प्रोफॉर्मा, म्हणजे रुग्णाची माहिती टिपण्याचा ठरावीक फॉर्म, छापून घेतला त्या दिवसांत असते. केस पेपरवर जे टिपलेच नाही ते पेपरात आणता येत नाही, मग लिहिणाऱ्याचे इंग्रजी कितीही चांगले असो.

मंजुरी, नोंदणी आणि नमुन्याचा आकार

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पेपरात द्यावी लागते, आणि ती तारीख पहिला रुग्ण अभ्यासात घेतला त्याच्या आधीची असावी लागते. मागाहून आणलेल्या मंजुरीने भागत नाही. जुन्या केस पेपरांवरच्या अभ्यासात संमती घेणे बहुधा शक्य नसते, पण संमतीतून सूट समितीने लेखी द्यायची असते. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह आहे, मग परवानगी कशाला’ हा गैरसमज इतका पसरलेला आहे की चांगले अभ्यास त्यापायी वाया जातात.

उपचाराची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंद हवी. ही रजिस्ट्री २० जुलै २००७ रोजी सुरू झाली, औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून रजिस्ट्री मागाहून आलेली नोंद स्वीकारत नाही. जर्नलने पेपर तपासायला नेमलेले परीक्षक तो वाचताना रजिस्ट्रीचे पान शेजारी उघडून ठेवतात. तिथे मुख्य आउटकम, म्हणजे मोजायचा मुख्य परिणाम, ‘सहा महिन्यांनी दुखणे किती’ असा लिहिलेला आणि पेपरात मात्र ‘सहा आठवड्यांनी’चा निकाल पुढे केलेला, अशी तफावत दिसली की पुढचे कशाचेच खरे वाटत नाही.

नमुन्याचा आकार कसा काढला ते एका वाक्यात, पण आकड्यांसह लिहावे. एखाद्या लक्षणाचे अपेक्षित प्रमाण २० टक्के आणि चालणारी चूक ५ टक्के धरली, तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.२० गुणिले ०.८०, भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे २४६ रुग्ण. दहा टक्के गळती धरली की २४६ भागिले ०.९, म्हणजे २७४. ‘सोयीनुसार १०० रुग्ण घेतले’ हे खरे असेल तर तसेच लिहावे. मागाहून सूत्र जुळवून शंभरच कसे येतात ते दाखवण्याचा खटाटोप परीक्षकाला लगेच कळतो.

मास्टर चार्ट

थीसिसच्या शेवटी जोडलेला मास्टर चार्ट हाच पेपरचा खरा पाया. एक रुग्ण एक ओळ, एक बाब एक स्तंभ. एकत्र केलेले रकाने नकोत, ‘पुरुष’ साठी तीन वेगवेगळी रूपे नकोत, रिकाम्या जागी शून्य नको. केलेली चाचणी निगेटिव्ह येणे आणि चाचणी केलीच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तारखांचा घोळ खास लक्ष ठेवण्याजोगा. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ३/७ असे टंकलेली ३ जुलै एक्सेलमध्ये ७ मार्च होते. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे दिवस असे उलटतात आणि तेरापासून पुढचे साध्या मजकुराच्या रूपात तसेच राहतात. पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसच्या अभ्यासात मार्च-एप्रिलमध्ये रुग्ण दिसू लागले तर हवामान बदलले असे समजू नये, आधी स्तंभ पाहावा: काही तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे असतील, तर डावीकडच्या तारखा एक्सेलने मजकूर मानल्या आहेत आणि उजवीकडच्या बहुधा उलटल्या आहेत.

दुसरा घोळ नावांचा. एकच आडनाव गोव्यात रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, एक इंग्रजी वळणाने, एक पोर्तुगीज वळणाने. शिवाय एकाच गावात एकाच नावाचे चार नाईक किंवा चार फर्नांडिस निघतात. दोनदा दाखल झालेला एक रुग्ण दोन ओळींत शिरतो, किंवा दोघांची एक ओळ होते. नाव, वय, गाव आणि फोन नंबर ताडून ही छाननी विश्लेषणाआधीच उरकावी, आणि मग नावे व फोन काढून टाकून फक्त अभ्यास क्रमांक ठेवावा.

लिहिण्याचा क्रम

छापील पेपर प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा या क्रमाने वाचला जातो. लिहिताना तो क्रम पाळू नये. आधी तक्ते, मग पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि सारांश व शीर्षक सर्वांत शेवटी. बहुतेक जर्नले मूळ संशोधनाला अडीच ते तीन हजार शब्द आणि सारांशाला सुमारे अडीचशे शब्द देतात, तक्ते-आकृत्या मिळून पाच-सहा. थीसिस दीडशे पानांचा असतो. त्यातले ‘साहित्याचा आढावा’ हे चाळीस पानांचे प्रकरण पेपरात तीन परिच्छेदांची प्रस्तावना होते, आणि नेमके तेच कोणाला कापवत नाही.

पद्धतीचे लेखन इतके नेमके हवे की दुसऱ्या गावचा डॉक्टर तसाच अभ्यास पुन्हा करू शकेल. ‘पावसाळ्यात तापाने दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘१ जून ते ३० सप्टेंबर या काळात मेडिसिन वॉर्डात दाखल झालेले, १८ वर्षे पूर्ण केलेले, किमान पाच दिवस ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असलेले सलग सर्व रुग्ण घेतले, मलेरियाची स्मिअर पॉझिटिव्ह असलेले वगळले’ असे लिहिले की कोण आत आणि कोण बाहेर ते ठरते. ‘सलग सर्व’ हे दोन शब्द खरे असतील तरच लिहावेत. फक्त ड्यूटीच्या दिवशीचे रुग्ण घेतले असतील तर तसे सांगावे.

प्रश्नावली कोणत्या भाषेत विचारली हेही पद्धतीतच येते. बांबोळीच्या ओपीडीत एका रांगेत कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणारे बसलेले असतात. कोकणी वाचणाऱ्यांतही कोणी देवनागरी वाचतो, कोणी रोमी. संमतीपत्र रुग्णाला वाचता येईल अशा लिपीत हवे, आणि वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवलेले. पुण्यात प्रमाणित झालेली मराठी प्रश्नावली पेडणे-सत्तरीतल्या रुग्णाला जशीच्या तशी लागू पडेल असे धरून चालू नये. भाषांतर कोणी केले, उलट भाषांतर करून ताडले का, हे दोन ओळींत द्यावे.

निष्कर्षात पहिली गोष्ट रुग्णांचा हिशेब. समजा, ३१२ जण तपासले, ३१ निकषात बसले नाहीत, १० जणांनी संमती दिली नाही, २७१ घेतले, ९ पाठपुराव्यातून सुटले, २६२ जणांचे विश्लेषण झाले. मग सारांश, तक्ते आणि मजकूर, सगळीकडे छेद २६२ हवा. एखाद्या तक्त्यात तो कमी झाला तर कोणाची कोणती माहिती नव्हती ते खाली टीपेत यावे. वाढला तर चूकच आहे. सुटलेल्यांचे कारणही लिहावे. जहाजावर गेलेला तारवटी महिनोन्महिने परतत नाही, बांधकामावरचा मजूर गावी निघून जातो, आणि चतुर्थीच्या दिवसांतली ठरलेली फेरतपासणी हमखास चुकते. हे लोक इतरांहून वेगळे असतील तर निकाल एका बाजूला झुकतो.

आकडे ‘६५/२६२ (२४.८ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १९.६ ते ३०.०)’ असे द्यावेत. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन मर्यादांच्या आत असावे असे धरले जाते तो पट्टा. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा अधिक फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) .००० दिसते, ती पेपरात ‘०.००१ पेक्षा कमी’ अशी लिहायची. शून्य पी-व्हॅल्यू नसते. रुग्णालयातले मुक्कामाचे दिवस किंवा रक्तातले फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) यांसारखे एका बाजूला लांबलेले आकडे असतील तर सरासरीऐवजी मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) आणि आंतरचतुर्थक विस्तार (मधले निम्मे आकडे जेवढ्यात येतात ती मर्यादा). रँडमाइझ केलेल्या, म्हणजे रुग्ण चिठ्ठीने गटांत वाटलेल्या, चाचणीत दोन्ही गटांच्या सुरुवातीच्या तक्त्यात पी-व्हॅल्यूचा स्तंभ घालू नये. चिठ्ठीने पडलेला फरक योगायोगाचाच असतो, त्याची कसोटी घेण्यात अर्थ नाही.

चर्चेचा पहिला परिच्छेद आपल्याला काय सापडले यावर, आणि मर्यादा प्रामाणिकपणे. इथे गोव्याची एक खास मर्यादा दरवेळी येते. बांबोळीत सावंतवाडी-दोडामार्गाहून आणि कारवारहूनही रुग्ण येतात, तेही बरेचदा आजार बळावल्यावर. म्हणून वॉर्डातल्या आकड्यांवरून ‘गोव्यातील प्रमाण’ काढता येत नाही. शीर्षकात ‘प्रिव्हलन्स’ (लोकसंख्येतले आजाराचे प्रमाण) शब्द घातला की पहिला आक्षेप तिथेच येतो. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली गोव्यातली ‘मानस’ चाचणी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. नैराश्य आणि चिंतेच्या विकारांवर साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांची मदत २४ दवाखान्यांत तपासली होती, १२ सरकारी आणि १२ खाजगी. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खाजगीत दिसला नाही, आणि दोन्ही गोष्टी सरळ मांडल्या गेल्या.

भाषेबद्दल थोडे. केस पेपरवरची ‘के/सी/ओ डीएम’ (आधीपासून मधुमेह असलेला) सारखी लघुरूपे वॉर्डातच ठेवावीत. ‘पेशंट वॉज हॅविंग फीवर’ हे ‘ताप येत होता’चे इंग्रजी सोंग आहे, ‘हॅड फीवर’ पुरे. मृत्यूला ‘एक्स्पायर्ड’ म्हणू नये. औषधे एक्स्पायर होतात.

तपासणी-सूची अभ्यासाच्या प्रकाराप्रमाणे: चाचणीला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला २२ कलमांची स्ट्रोब, एकट्या रुग्णाच्या वृत्तांताला केअर. सूची शेवटी भरायची नसून लिहिण्याआधी समोर ठेवायची असते. शेवटी भरली की निम्म्या कलमांपुढे ‘लागू नाही’ असे खोटे लिहावे लागते.

रुग्णाची ओळख

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. एवढ्याशा राज्यात नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे होत नाही. ‘सत्तरी तालुक्यातील काजू बागायतीत काम करणारी ३४ वर्षांची स्त्री’ आणि जोडीला एक दुर्मिळ आजार, एवढ्यावर गावातला कोणीही ती कोण हे सांगेल. वय दशकात द्यावे, तालुक्याऐवजी ‘पश्चिम किनाऱ्यावरील राज्य’ म्हणावे, आजाराशी संबंध नसेल तर धंदा गाळावा. संबंध असेल, जसा क्यासनूर जंगल तापात जंगलातल्या कामाचा असतो, तर तो ठेवून बाकीचे सैल करावे. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी ओढणे पुरेसे धरले जात नाही. छापण्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव आणि नोंदणी क्रमांक आकृती कापूनच काढावेत, वर काळा चौकोन ठेवून नाही, कारण फाइलमधून तो चौकोन उचलता येतो.

लेखक कोण

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक संपादक समितीच्या चार अटी एकत्र लागू होतात: रचनेत किंवा माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा मुद्द्यांवर सुधारणे, अंतिम प्रतीला मान्यता, आणि पूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुखाचे नाव आदराने घालण्याची रीत या चौकटीत बसत नाही, तरी ती चालू आहे. बढतीसाठी पेपर मोजले जातात तोवर ती थांबणेही कठीण. रक्ताचे नमुने काढणारे, आकडेमोड तपासणारे आभारात जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन लेखक होऊ शकत नाही, पण वापरले असेल तर सांगावे लागते. लेखकांचा क्रम मसुदा सुरू होण्याआधी कागदावर ठरवलेला बरा. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने द्यावे. ते बदलले तरी ओळख टिकावी म्हणून सोळा अंकी ऑर्किड क्रमांक असतो.

जर्नल, परीक्षण आणि प्रूफ

‘तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क आधी’ असा ईमेल आला की तो मजकूर जर्नलचा नसून दुकानाचा समजावा. जर्नल मेडलाइनमध्ये (वैद्यकीय जर्नलांची सूची) किंवा डीओएजेमध्ये (मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची सूची) आहे का ते त्या सूचींतच पाहावे, जर्नलच्या स्वतःच्या पानावरच्या चिन्हांवर विसंबू नये. थीसिस विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असेल तर साम्यतपासणीत मोठा आकडा येतो. सोबतच्या पत्रात ते आधीच सांगून टाकावे. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पाठवू नये, आणि एका थीसिसचे तीन तुकडे करून तीन पेपर काढू नयेत.

परीक्षकांच्या आक्षेपांना मुद्देनिहाय उत्तर द्यायचे: त्यांचे वाक्य, खाली आपले उत्तर, खाली बदललेला मजकूर पान-ओळीसह. पटले नाही तर कारण देऊन नाही म्हणता येते. सगळेच मान्य करण्याच्या नादात पेपर आपल्याच आकडेवारीशी विसंगत होतो, असेही घडते.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला आलेली प्रत, साधारण दोन दिवसांत परत मागतात. तेव्हा मजकूर वाचण्याआधी तक्ते वाचावेत: दशांश चिन्ह, उणे चिन्ह, मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला का, लेखकांची नावे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्याला भलेमोठे शुद्धिपत्र जोडावे लागले. आज मात्र प्रसिद्धीनंतर सापडलेली चूक संपादकाला कळवून वेगळे शुद्धिपत्र काढावे लागते आणि ते मूळ पेपरला कायम जोडलेले राहते. चुकीमुळे निष्कर्षच पालटत असेल तर पेपर मागे घ्यावा लागतो. मूळ प्रोफॉर्मे, संमतीपत्रे आणि न बदललेला मास्टर चार्ट तोवर विभागाच्या कपाटात जपून ठेवलेले असावेत. निवासी डॉक्टर पदवी घेऊन निघून जातो तेव्हा ते त्याच्या लॅपटॉपबरोबर जाऊ देऊ नयेत.