सातांतला एक 'हो'

नवऱ्याने बायकोला मारणं योग्य की अयोग्य, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदा विचारलं गेलं १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत. त्याआधी लोकमत म्हणजे सभा, सह्या आणि अग्रलेख. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात दोन्ही बाजू लोकांच्या वतीने बोलत होत्या; ज्या मुलींच्या शरीरसंबंधाला संमतीचं वय १० की १२ यावर भांडण होतं, त्यांना कोणी विचारलं नाही.

बातमीत टक्का येतो, प्रश्न येत नाही. मुलाखत घेणारी एकेक कारण वाचते: न सांगता बाहेर गेली, घरामुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. सातांपैकी एकालाही 'हो' म्हटलं की ती बाई 'समर्थक'. दुसऱ्या फेरीत कारणं सहाच होती आणि त्यांत माहेरहून पैसे न येणं हेही होतं. २००५-०६ मध्ये ते गळलं, वाद आणि नकार आत आले. आधी फक्त लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं, मग अविवाहितांनाही आणि पुरुषांनाही. तरी बायकांचे दुसऱ्या फेरीतले ५६ आणि २००५-०६ चे ५४ टक्के शेजारी-शेजारी मांडून 'घट' म्हटलं जातं!

त्याहून गुंता 'समर्थनीय' या शब्दाचा. इंग्रजी 'जस्टिफाइड'ला आपल्याकडे योग्य म्हणावं, रास्त म्हणावं, की 'चालतं' म्हणावं? 'मान ठेवला नाही तर मारणारच की' हे त्या बाईचं मत, की आजूबाजूला दिसतं त्याचं वर्णन? नोंद मात्र एकच: हो. बांगलादेशात अशाच प्रश्नावर अभ्यासकांनी बायकांशी सविस्तर बोलून पाहिलं, तेव्हा काहीजणी स्वतःचं नव्हे तर गावाचं मत सांगत होत्या असं दिसलं.

पुढचे आकडे तुलनेला बरे. बायकांत २०१५-१६ ला ५२, २०१९-२१ ला ४५ टक्के. पुरुषांत २००५-०६ च्या ५१ वरून ४२, मग पुन्हा वाढून ४४. घरगुती हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला म्हणून श्रेय त्याला देतात. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत बायकांचा आकडा हलला जेमतेम दोन टक्क्यांनी. शिक्षणाचंही गणित जमत नाही. पाचव्या, म्हणजे २०१९-२१ च्या फेरीत बायकांचा होकार हिमाचलात १५ टक्के, महाराष्ट्रात ४४ आणि साक्षर केरळात ५२. तेलंगण आणि आंध्र, दोन्हीकडे ८४. तिथल्या बायकांविषयी काही बोलण्याआधी प्रश्नावलीतला तेलुगू शब्द मला पाहावासा वाटतो.